यंत्राचा रोजनामा

संगणकाच्या धंद्यांत 'लॉग' म्हणून जो एक प्रकार आहे त्याविषयीं साहित्याच्या मासिकांत निबंध लिहावयाचा म्हणजे वाचकांची थोडी क्षमा मागूनच आरंभ केला पाहिजे, असें आमच्या एका मित्रानें सुचविलें. आम्हांस तें पटलें नाहीं. ज्या भाषेंत रोजकीर्द, खतावणी, शकावली, करीना, टिपण, याद, कैफियत, रोजनिशी असे लिहून ठेवण्याचे नाना प्रकार आहेत व त्या प्रत्येकास वेगळें नांव आहे, त्या भाषेच्या वाचकास एखादें यंत्र आपला दिनक्रम लिहून ठेवतें म्हणजे काय करतें हें सांगण्यासाठीं क्षमायाचनेची गरज नाहीं. उलट, हा विषय इंग्रजींत ज्या ओबडधोबड नांवानें वावरतो त्या नांवानें मराठींत वावरण्याचें त्यास कारण नव्हतें. 'लॉग' म्हणजे मूळचा लांकडाचा ओंडका. जहाजावरून दोरीला बांधलेली एक फळी पाण्यांत सोडावयाची, दोरीला ठराविक अंतरावर गांठी मारलेल्या असावयाच्या, आणि वाळूचें घटिकायंत्र रिकामें होईपर्यंत किती गांठी हातांतून सरकल्या त्या मोजून जहाजाचा वेग ठरवावयाचा. तो आंकडा ज्या वहींत उतरावयाचा ती ओंडक्याची वही. पुढें ओंडका गळाला आणि वहीच तेवढी 'लॉग' झाली. गांठी मात्र अजून आहेत. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्येंच सांगतात.

मराठी प्रतिशब्दासाठीं आम्हांस लांब जावें लागलें नाहीं. आम्ही राहतों त्या दिंडोशींतच मुंबईच्या दिवाणी व सत्र न्यायालयाची शाखा आहे, आणि तेथें प्रत्येक खटल्याच्या कागदांत एक 'रोजनामा' असतो. कोणत्या तारखेस कोण हजर होतें, कोण नव्हतें, कोणता अर्ज आला, पुढची तारीख कोणती पडली, एवढेंच त्यांत लिहिलेलें असतें. युक्तिवाद नाहीं, कारणमीमांसा नाहीं, कोणाचें खरें याची चर्चा नाहीं. परंतु अमक्या दिवशीं आमचे वकील उभे होते कीं नव्हते, असा वाद कांहीं वर्षांनंतर निघाला म्हणजे उभय पक्ष त्या नीरस पानांकडेच धांव घेतात. प्रोग्रामचा लॉग याहून निराळा नाहीं. वेळ, घडलेली गोष्ट आणि तिचें महत्त्व. एका घटनेस एक ओळ. जुनी ओळ खोडावयाची नाहीं, नवी तिच्याखालीं जोडावयाची.

या विषयाशीं आमचा संबंध आला तो पावसामुळें. दिंडोशी हें गोरेगांव व मालाड यांच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. पश्चिमेस द्रुतगती महामार्ग व त्यावरून २०२२ पासून धांवणारी मेट्रो, पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, आणि या दोहोंमध्यें एकमेकांशीं कांहींएक संबंध नसलेल्या गोष्टींची दाटी: मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीनें उभी राहिलेली नागरी निवारा परिषदेची वसाहत, अर्थशास्त्राच्या संशोधनाची एक संस्था, संगणकाचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांच्या कांचेच्या इमारती, आणि उतारावर एकावर एक चढत गेलेलीं पत्र्याचीं घरें. जवळच १९७७ सालीं स्थापन झालेली चित्रनगरी आहे. तेथें जरुरीप्रमाणें नळींतून पाऊस पाडतां येतो व दिग्दर्शकानें खूण करतांच तो थांबतोही. आमच्या वांट्यास येणारा पाऊस इतका आज्ञाधारक नाहीं.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहींत. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच मुंबईंतील कुलाब्यास ७३. एकाच शहरांत, एकाच दिवशीं, सुमारें तेरापट अंतर! मुंबईंत किती पाऊस झाला हा प्रश्नच म्हणून अपुरा आहे. मुंबईंत कोठें, हें आधीं विचारलें पाहिजे. २०१९ च्या जुलैच्या पहिल्या व दुसऱ्या तारखांमधील रात्रीं सांताक्रूझचा चोवीस तासांचा आंकडा ३७५ मिलिमीटर होता. त्याच रात्रीं मालाड पूर्वेस टेकडीवरील जलाशयाच्या आवाराची भिंत कोसळली व तिच्याखालच्या वस्तींतील तिसांच्या आसपास माणसें दगावलीं. सांताक्रूझ तेथून कित्येक किलोमीटर दूर आहे.

तेव्हां आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं (आम्ही पदार्थविज्ञान शिकवितों) एक पर्जन्यमापक तयार करून आमच्या इमारतीच्या गच्चीवर बसवावयाचें ठरविलें. यंत्र साधें असतें. नरसाळ्यांतून येणारें पाणी तराजूच्या दांडीवर बसविलेल्या दोन चिमुकल्या वाट्यांपैकीं एकींत पडतें. वाटी भरली कीं दांडी कलंडते, भरलेली वाटी रिकामी होते आणि दुसरी नळीखालीं येते. आमच्या यंत्रांत एक वेळ कलंडणें म्हणजे ०.२ मिलिमीटर, पांच वेळां कलंडली कीं एक मिलिमीटर. दांडीस लावलेलें लोहचुंबक प्रत्येक वेळीं एका कळीपुढून जातें, कळ मिटते, आणि शेजारच्या डब्यांतला छोटा संगणक तें मोजतो. दर पंधरा मिनिटांची बेरीज फाईलींत लिहावयाची व महाविद्यालयांतील संगणकाकडे पाठवावयाची. तेथून तिचा आलेख कोणासही आपल्या मोबाईलवर पाहतां येत असे. उतारावरील कांहीं घरांतून तो पाहिलाही जाऊं लागला.

आमच्या घरीं कामास येणाऱ्या मावशी त्याच उतारावर राहतात. रात्रीं पाऊस कितपत झाला म्हणजे मुलें उचलून खालीं ओळखीच्या घरीं यावयाचें, याचा त्यांचा व त्यांच्या शेजारणींचा एक हिशेब आहे. तो कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं, परंतु अनुभवाचा आहे. पर्जन्यमापक लागल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यांत एका रात्रीं अडीचच्या सुमारास त्यांचा फोन आला. "सर, तुमच्या मशीनवर पाऊस शून्य दाखवतोय. मग हे आमच्या पत्र्यावर पडतंय ते काय?"

त्या रात्रीं मावशींनीं यंत्रापेक्षां पत्र्यावर अधिक विश्वास ठेवला व त्या मुलांना घेऊन खालीं आल्या. सुदैवानें उतारावर कांहीं झालें नाहीं. सकाळीं विद्यार्थी गच्चीवर गेले तों यंत्र व्यवस्थित चाललेलें! फाईल पाहिली तेव्हां रात्रीं बारापासून पहाटे सव्वाचारपर्यंत तींत एकही ओळ नव्हती. शून्यें होतीं असें नव्हे, ओळीच नव्हत्या. आलेख काढणाऱ्या प्रोग्रामनें रिकाम्या जागीं आपल्या पदरचीं शून्यें भरलीं होतीं. 'पाऊस पडला नाहीं' आणि 'पाऊस मोजला गेला नाहीं' या दोन विधानांत जमीनअस्मानाचा फरक आहे. परंतु आलेखावर दोन्हींची रेघ सारखीच सपाट दिसते. शून्याचा शोध लावल्याबद्दल आपण जगांत मिरवितों, तेव्हां शून्य आणि रिकामें यांतला भेद तरी आपण विसरतां कामा नये.

फाईल कां रिकामी राहिली, हें मात्र सांगणारें कोणीच नव्हतें. तारेंत पाणी शिरलें असेल, वीज गेली असेल, प्रोग्राम कोठें तरी अडकून बसला असेल. वास्तविक प्रोग्राम लिहितांना विद्यार्थ्यांनीं त्यांत ठिकठिकाणीं 'प्रिंट'चीं वाक्यें घातलीं होतीं. 'प्रिंट' म्हणजे पडद्यावर शब्द उमटविण्याची आज्ञा. ती प्रत्येक विद्यार्थी पहिल्या आठवड्यांत शिकतो व पुढें जन्मभर सोडीत नाहीं. 'येथपर्यंत आलों', 'आतां मोजतों', 'झालें' असे उद्गार प्रोग्राम काढीत जातो आणि लिहिणारा ते वाचून समाधान पावतो. परंतु गच्चीवरील डब्यांत पडदाच नव्हता. आणि असता तरी रात्रीं बारा वाजतां तो पाहावयास कोण बसलें होतें? प्रोग्रामचें हें बोलणें म्हणजे रिकाम्या दिवाणखान्यांतलें भाषण. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, प्रोग्रामच्या एका भागांत 'चूक झाली तर गप्प बसून पुढें जा' अशा अर्थाचें एक वाक्य होतें. हें वाक्य पायथॉन भाषेंत दोन शब्दांचें आहे आणि जगांतील पुष्कळ अनर्थांच्या मुळाशीं तें सांपडेल अशी आमची समजूत आहे. चूक होणें हें समजण्यासारखें आहे. झालेली चूक गिळून टाकण्याची तरतूद आधींच करून ठेवणें हा स्वभावाचा दोष होय, आणि तो केवळ संगणकांतच आढळतो असें नाहीं.

आतां काय करावें यावर विद्यार्थ्यांत दोन पक्ष पडले. एकाचें म्हणणें, आपण स्वतःच एक फाईल उघडून तींत ओळी लिहीत जाऊं. एवढ्याशा कामास दुसऱ्याची लायब्ररी कशाला? येथें लायब्ररी म्हणजे पुस्तकांचें कपाट नव्हे. कोणी तरी लिहून, तपासून, इतरांनीं वापरावा म्हणून ठेवून दिलेला प्रोग्रामचा भाग. दुसऱ्या पक्षाची पुढारी एक मुलगी होती. ती एवढेंच म्हणाली, "सर, फाईल आपण उघडू, पण वेळ कोण लिहिणार, महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं वेगळं कोण करणार, फाईल फार मोठी झाली की बदलणार कोण? हे सगळं लिहून झालं की आपण लायब्ररीच लिहिलेली असेल, फक्त वाईट." आम्ही तिच्या बाजूचे झालों.

पायथॉनबरोबर 'लॉगिंग' नांवाची अशी लायब्ररी २००३ पासून आयतीच येते; ती मूळ विनय साजिप यांनीं लिहिली. वेगळी आणावी लागत नाहीं, विकत घ्यावी लागत नाहीं. आरंभीं एका वाक्यांत फाईलीचें नांव, ओळीचा सांचा व कोणत्या पायरीपासून लिहावयाचें तें सांगितलें, कीं पुढें जेथें नोंदण्याजोगें कांहीं घडेल तेथें एक वाक्य टाकावयाचें. वेळ, पायरी, प्रोग्रामच्या कोणत्या भागांतून ओळ आली तें, हें सर्व सांच्याप्रमाणें आपोआप जुळतें. वेळ तर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. चूक झाली तर ती कोणत्या वाक्यांतून कोणत्या वाक्यांत शिरतांना झाली याची वंशावळही उतरून घेतां येते. आणि यांतील विचारीपणा असा कीं, नोंद करण्यांतच कांहीं अडचण आली तर ही लायब्ररी त्यापायीं सहसा मूळ काम बंद पाडीत नाहीं. कारकून आजारी पडला म्हणून दुकान बंद राहूं नये.

पायऱ्या पांच आहेत. डीबग म्हणजे घरगुती बारीकसारीक. इन्फो म्हणजे रीतसर वर्तमान. वॉर्निंग म्हणजे लक्ष असूं द्या. एरर म्हणजे एक काम फसलें. क्रिटिकल म्हणजे सर्वच धोक्यांत. यांना १०, २०, ३०, ४०, ५० असे अंक आहेत. कांहीं न सांगितल्यास लायब्ररी वॉर्निंगपासून वरचें तेवढेंच लिहिते व खालच्या दोन पायऱ्यांचें बोलणें कानाआड करते. नवशिक्यास पहिला धक्का येथेंच बसतो, कारण त्यानें हौसेनें घातलेलें पहिलें इन्फोचें वाक्य कोठेंच उमटत नाहीं. याच्याही आधीं, १९८० च्या दशकांत, एरिक ऑलमन यांनीं टपाल पोंचविणाऱ्या प्रोग्रामच्या निमित्तानें जी 'सिसलॉग' पद्धत घातली तींत आठ पायऱ्या होत्या व त्या अद्यापि चालू आहेत. आठ आम्हांस फार वाटतात. घर जळत असतांना तें 'अलर्ट' कीं 'इमर्जन्सी' याचा खल करीत बसण्यास कोणास सवड असते?

पायऱ्या आहेत हें सांगणें सोपें. कोणती गोष्ट कोणत्या पायरीची हें ठरविणें हाच खरा अभ्यास. पहिल्या आठवड्यांत आमच्या विद्यार्थ्यांनीं जें तें एररमध्यें घातलें. वाटी लागोपाठ दोनदां कलंडली, एरर. आंकडा पाठविण्यास दोन सेकंद अधिक लागले, एरर. आमच्या पिढीस तारेची आठवण आहे. तारेची सेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली, पण आमच्या लहानपणीं गांवांत तारवाला दिसला कीं लिफाफा फोडण्यापूर्वींच घरांत रड सुरू होई. मागाहून पाहावें तों मुंबईचा कोणी तरी पास झालेला असे. आनंदवार्ता आणि मृत्युवार्ता एकाच लिफाफ्यांतून आल्या म्हणजे माणूस लिफाफ्यासच भितो. आणि यंत्राच्या बाबतींत याच्या उलट होतें, माणूस लिफाफा उघडेनासा होतो. ज्या लॉगांत रोज दोनशें एरर असतात त्यांतील दोनशें एकावा कोणी वाचीत नाहीं. विद्यार्थ्यांस बसवून प्रत्येक वाक्याची पायरी ठरविण्यांत आम्हीं दोन दुपारी घालविल्या, आणि त्या आम्हांस वर्गांतील कित्येक तासांहून अधिक उपयोगाच्या वाटतात.

वाक्य कसें लिहावें याचाही विचार झाला. येथें आमच्या इतिहासाच्या वाचनाचा उपयोग झाला, तो असा. सभासदाची बखर शिवाजीमहाराजांच्या निधनानंतर, जिंजीस, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. तींत रस आहे, भाषा आहे, माणसें उभीं राहतात. ती वाचून ज्याचें मन हालत नाहीं त्याची आम्हांस कींव येते. परंतु तारखा पाहिजेत तर बखरींचा भरंवसा नाहीं. याच्या उलट जेधे घराण्यांतील शकावली. तींत रस म्हणून नाहीं. शक, तिथि आणि घडलेली गोष्ट, एवढेंच. लोकमान्य टिळकांनीं ती १९१६ सालीं पुढें आणली, आणि तींतल्या एका ओळीनें शिवजन्माचा शक १५४९ कीं १५५१ या वादाचें पारडें फिरलें. आज १९ फेब्रुवारी १६३० ही जी तारीख सरकारमान्य आहे ती त्या नीरस ओळीशीं जुळते. आम्हीं विद्यार्थ्यांस सांगितलें कीं, प्रोग्रामनें बखर लिहूं नये. 'पाठविण्यांत कांहीं तरी विचित्र घडल्यासारखें वाटतें' हें बखरीचें वाक्य. '२३:४५ ची बेरीज ६१ पाठवीत आहें' हें शकावलीचें.

शकावलीस मिती खरी पाहिजे, हें ओघानेंच आलें. आपल्या जुन्या कागदांत छ म्हणून चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, पण साल पुष्कळदां नसतें. तेवढ्यामुळें राजवाडे, खरे, सरदेसाई यांसारख्यांचे किती दिवस खर्ची पडले असतील! आमच्या गच्चीवर तोच प्रकार निराळ्या वेषानें आला. आम्हीं वापरलेल्या त्या छोट्या संगणकास, त्याचें नांव रास्पबेरी पाय, बॅटरीवर चालणारें स्वतःचें घड्याळ नसतें. वीज जाऊन आली कीं तो बंद पडतांना जी वेळ होती तेथूनच पुढें मोजूं लागतो, आणि इंटरनेटची गांठ पडल्यावर एकदम खऱ्या वेळेवर उडी मारतो. म्हणजे ज्या रात्रीं वीज आणि नेट दोन्ही जातात, नेमक्या त्याच रात्रींच्या मित्या खोट्या! नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारें घड्याळ त्यास जोडल्यावर हा घोळ मिटला.

नोंदी ठेवण्याच्या बाबतींत मुंबईनें जगास दिलेला एक धडा मात्र विद्यार्थ्यांस माहीत नव्हता, आणि तो त्यांस सांगतांना आम्हांस जो आनंद झाला तो वाचकांपासून लपविण्याचें कारण नाहीं. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं काढली. १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें होऊं लागलीं. आमचे केरूनाना छत्रे तरुणपणीं याच वेधशाळेंत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखालीं तयार झाले. तेथें चुंबकसूचीचें वाचन माणसानें डोळ्यांनीं करावयाचें व हातानें लिहावयाचें असे. सूची शांत असली म्हणजे तासातासानें. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांस सूर्यबिंबावर एक लखलखाट दिसला. सतरा-अठरा तासांनीं त्याचा तडाखा पृथ्वीस बसला. युरोप-अमेरिकेंतील तारयंत्रें बिघडलीं. कुलाब्यास तेव्हां दुसऱ्या तारखेचा दिवस होता. सूची भलतीच हालूं लागली तसें निरीक्षकानें वाचन तासावरून पंधरा मिनिटांवर व पांच मिनिटांवर आणलें आणि जें दिसलें तें उतरून ठेवलें. पृथ्वीच्या आडव्या चुंबकबलांत सुमारें सोळाशें नॅनोटेस्लांची घट त्या पानांवर आहे.

तीं पानें राहिलीं. २००३ सालीं भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं अमेरिका व ब्राझील येथील सहकाऱ्यांबरोबर त्यांचा अभ्यास करून त्या वादळाची तीव्रता ठरविली. १९८९ च्या मार्चमध्यें ज्या चुंबकीय वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारांत घातला त्याचा निर्देशांक सहाशेंच्याही आंत होता. यावरून १८५९ च्या वादळाची कल्पना करावी. एकशें चव्वेचाळीस वर्षांपूर्वींच्या त्या निरीक्षकास हें कांहीं ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यानें आपलें मत लिहिलें नाहीं. मोजण्याचें अंतर तेवढें कमी केलें. आमच्या भाषेंत बोलावयाचें तर त्यानें इन्फो सोडून डीबग चालू केला! वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दींत मुंबईंत विजेची ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां तिच्या प्रवाहानें सूची बिघडूं नये म्हणून अलिबागेस नवी वेधशाळा काढण्यांत आली. ती १९०४ मध्यें सुरू झाली, ट्राम धांवूं लागली १९०७ सालीं; आणि मधल्या काळांत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें घेऊन जुनी वही नव्या वहीस जोडून देण्यांत आली. जागा बदलली, पण नोंद तुटूं दिली नाहीं. संगणकशास्त्रांतले लोक १९४७ च्या ९ सप्टेंबरला हार्वर्ड येथील यंत्राच्या वहींत चिकटविलेल्या पतंगाची कथा कौतुकानें सांगतात, आणि ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत आहे हें खरें. परंतु कुलाब्याच्या वहीपुढें तो पतंग आम्हांस गंमतीचाच वाटतो.

लायब्ररी साधी असावी, असा आमचा आग्रह होता, त्याचेंही कारण सांगतों. जावा या भाषेसाठीं 'लॉग फॉर जे' नांवाची एक फार प्रसिद्ध लॉगिंगची लायब्ररी आहे. २०२१ च्या डिसेंबरांत असें उघडकीस आलें कीं, नोंदावयाच्या मजकुरांत विशिष्ट आकाराचा शब्द आला कीं ही लायब्ररी तो नुसता उतरून न घेतां त्याचा अर्थ लावते, त्यांत सांगितलेल्या परक्या पत्त्यावर जाते आणि तेथून आणलेली आज्ञा अंमलांत आणते. म्हणजे दफ्तरांतील कारकुनानें शत्रूचें पत्र नकलून घेतां घेतां त्यांतला हुकूमही बजावून टाकावा! ही सोय लायब्ररींत २०१३ पासून होती. ती ज्यांनीं घातली त्यांनीं चांगल्या हेतूनेंच घातली असणार. पण जगभरच्या संगणकखात्यांचा तो नाताळ जागरणांत गेला. नोंद करणाऱ्यानें नोंद करावी, अधिक चतुर होऊं नये. याच ओघांत आम्हीं आमच्या लॉगांतून आलेख पाहणाऱ्यांचे फोननंबर काढून टाकविले. उतारावरील कोणत्या घरांत रात्रीं दोन वाजतां कोण जागें होतें, याचा रोजनामा ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

दुसरा पावसाळा आला. जूनमध्यें दोनदां, जुलैंत तीनदां तीच रिकामी जागा पुन्हां पडली. परंतु या वेळीं शेजारीं लॉग होता. पांचही वेळां शेवटची ओळ एकच: 'बेरीज पाठवीत आहें'. तिच्यामागून जी 'पाठविली' अशी ओळ यावयास पाहिजे होती ती कोठेंच नव्हती. मुलीनें ती जागा बोटानें दाखविली. "सर, हा निघाला, पण पोचलाच नाही." मुसळधार पावसांत इमारतीचें वायफाय मध्येंच तुटे, महाविद्यालयाच्या संगणकाकडून पोंच येईपर्यंत प्रोग्राम थांबे, आणि किती वेळ थांबावयाचें हें कोणीं त्यास सांगितलेलें नसल्यामुळें तो जन्मभर थांबावयास तयार असे. पोंच येत नाहीं तोंपर्यंत तो वाटीकडे पाहीनासा होई. वाटी बिचारी कलंडत होती, भरत होती, पुन्हां कलंडत होती; मोजणारा मात्र दारांत उभा राहून टपालाची वाट पाहत होता. पहांटे वीज जाऊन आली किंवा कोणीं डबा बंद करून चालू केला म्हणजे सर्व सुरळीत. पहिल्या वर्षीच्या त्या रात्रींही हेंच झालें असलें पाहिजे, असें त्या पांच नोंदींवरून अनुमान निघतें. पाऊस जितका मोठा तितकें वायफाय तुटण्याचें भय अधिक, म्हणजे ज्या रात्रीं आंकड्याची गरज त्याच रात्रीं आंकडा नाहीं.

उपाय एका दुपारचा होता. पोंचेसाठीं दहा सेकंदांहून अधिक थांबावयाचें नाहीं. न आल्यास वॉर्निंगची ओळ लिहून बेरीज जवळ ठेवावयाची व मागाहून पाठवावयाची. मोजणें आणि पाठविणें हीं दोन कामें एकाच हातीं ठेवावयाचीं नाहींत. दर दहा मिनिटांनीं 'चालू आहें' अशी इन्फोची एक ओळ. आणि आलेखावर, जेथें मोजणी नाहीं तेथें रेघ काढावयाचीच नाहीं. त्या जागीं राखी पट्टा व 'नोंद नाहीं' हे शब्द. मावशींस हा राखी पट्टा दाखविला तेव्हां त्या म्हणाल्या, "हे बरं केलंत. मशीन झोपलं तर आम्हाला कळलं पाहिजे, मग आम्ही नाही झोपणार." ऑगस्टमध्यें एका रात्रीं तो पट्टा वीस मिनिटें दिसला, आणि त्या वीस मिनिटांत उतारावरच्या चार घरांतून आम्हांस फोन आले. झोपमोड झाली खरी.

आतां एक वाद शिल्लक आहे. लॉगची फाईल ठराविक आकाराची झाली कीं लायब्ररी ती बाजूस ठेवून नवी उघडते, आणि किती जुन्या फाईली ठेवावयाच्या तो आंकडा भरला कीं सर्वांत जुनी पुसून टाकते. विद्यार्थ्यांनीं तो आंकडा दहा ठेवला होता. येत्या पावसाळ्यांत त्या जुलैची फाईल पुसली जाईल. एकाचें म्हणणें, पावसाचे आंकडे तर वेगळे जपून ठेवलेच आहेत. प्रोग्राम कोठें अडखळला होता याचें पुराण कोणास हवें? मुलगी म्हणते, कार्डावर जागा भरपूर आहे, शंभर करा. कुलाब्याची गोष्ट सांगून आम्हीं कौल कोणीकडे दिला असेल हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. परंतु प्रोग्राम त्यांचा आहे, आणि तो आंकडा बदलण्यासाठीं गच्चीची किल्ली घेऊन वर कोणीं जावयाचें, याचा निकाल परीक्षा संपल्यावर लागणार आहे.